तैलरंगातल्या मावळ्यांसाठी घरगुती वाळवणपेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात दर दिवाळीला मातीचा किल्ला होतो. त्यावर हळीव आणि मोहरी पेरतात, रोज पाणी शिंपडतात, आणि पोस्टर कलरनं रंगवलेल्या मावळ्यांचे पाय तिसऱ्या दिवशी ओघळायला लागतात. म्हणून मी मावळे तैलरंगात रंगवायला लागले. पुढे त्याचाच नाद लागला आणि ५४ मिलिमीटर उंचीच्या धातूच्या फिगर, म्हणजे छोट्या मूर्ती, रेझिनचे घोडेस्वार असं सगळं घरात आलं. पण रंगकाम बहुतेक पावसाळ्यात होतं आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तैलरंग वाळता वाळत नाही. त्यावर उपाय म्हणून आत विजेचा दिवा लावून गरम राहणारी ही पेटी केली. ती बघून लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पेटी हवीच कशाला? पंख्याखाली ठेवलं तर वाळणार नाही का?

वाळेल, पण तोवर फिगरवर काय काय बसेल ते बघा. ओला तैलरंग चिकट असतो. तीन-चार दिवस उघड्यावर राहिलेल्या चेहऱ्यावर कापसाचे तंतू, अगरबत्तीची राख, खिडकीतून येणारी रस्त्याची धूळ असं सगळं चिकटतं. ५४ मिलिमीटरच्या मावळ्याचा चेहरा नखाएवढा असतो. त्याच्या गालावर एक तंतू बसला तरी तो दोरखंडासारखा दिसतो आणि ओल्या रंगातून तो उचलायला गेलात की गालच उचलला जातो. पेटीमुळे वाळण्याचा वेळ कमी होतो, हे खरंच. पण माझ्या लेखी तिचं पहिलं काम धूळ अडवण्याचं आहे.

तैलरंग वाळतो म्हणजे नेमकं काय होतं?

हे एकदा नीट समजलं की पेटी कशी असावी ते आपोआप कळतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

चैत्रात गच्चीवर कुरडया वाळत घालतो तेव्हा त्यांच्यातलं पाणी उडून जातं आणि त्या हलक्या होतात. तैलरंगाचं तसं नाही. तैलरंगात रंगाची पूड जवसाच्या, करडईच्या किंवा अक्रोडाच्या तेलात घोटलेली असते. त्यात पाणी नसतंच, त्यामुळे उडून जाण्यासारखं फारसं काही नसतं. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाची घट्ट साय होते. या काळात रंगाच्या थराचं वजन कमी होत नाही, उलट सुरुवातीला थोडं वाढतं.

याचं उदाहरण प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर जो तपकिरी, चिकट, साबणाला दाद न देणारा थर बसतो, तो सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलाचा असाच ऑक्सिजन खाऊन झालेला असतो. खोबरेल तेल वर्षभर वाटीत राहिलं तरी असं घट्ट होत नाही, कारण त्या जातीचं ते तेलच नाही. जवसाचं तेल या बाबतीत फार तरबेज. म्हणून चित्रकार ते शतकानुशतकं वापरत आले.

मग पेटी हवाबंद करून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर?

नको. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि बहुतेकांची पेटी इथेच फसते. सिलिका जेल हवेतली ओल शोषतं. पण रंगात पाणी अडकलेलंच नाही, त्याला ऑक्सिजन हवाय. डबा घट्ट बंद केलात तर रंगाला हवी ती गोष्टच तुम्ही अडवली. शिवाय वाळताना रंगातून निघणारा उग्र वास आतच कोंडतो.

पेटीला श्वास घेता आला पाहिजे. खालून थंड हवा आत यावी, दिव्यानं तापावी, फिगरभोवती फिरावी आणि वरून बाहेर जावी. पंख्याची गरज नाही. गरम हवा स्वतःच वर चढते.

पण पावसाळ्यातल्या दमट हवेचं काय?

तिचा बंदोबस्त उष्णतेनंच होतो. समजा, जुलैमध्ये घरात २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रता आहे. तीच हवा पेटीत शिरून ४५ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे ठाण्यातली पावसाळी हवा आपण दिव्याच्या जोरावर कोरड्या उन्हाळ्यासारखी करतो. वेगळं काही टाकावं लागत नाही.

आत तापमान किती ठेवायचं?

४० ते ४५ अंश. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होते, असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबानं २८ वरून ४५ वर गेलात की तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकतं. माझा अनुभवही जवळपास तसाच आहे.

मग ६० अंश केले तर अजून लवकर होईल, असा मोह होतो. करू नका. रंगाचं काही बिघडलं नाही तरी फिगर बिघडेल. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या फिगरचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि काही रेझिन त्याआधीच मान टाकतात. माझ्या एका रेझिनच्या घोडेस्वाराचा भाला ५५ अंशांत एका रात्रीत वाकला. गरम पाण्यात बुडवून तो सरळ केला, पण त्यावरचा रंग तडकलाच.

पेटी कशाची करावी?

माझं ठाम मत आहे: १५ किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. किराणा दुकानात, फरसाणवाल्याकडे, वडापावच्या गाडीवर तो मिळतो. मी माझा जांभळी नाक्यावरून आणला. साधारण सव्वानऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच. पाच-सहा फिगर सहज मावतात आणि स्वयंपाकघराच्या कट्ट्याखाली डबा बसतो. वन बीएचकेमध्ये ही बाब लहान नाही.

थर्माकोलच्या खोक्यात उष्णता छान टिकते, म्हणून पुष्कळजण तेच सुचवतात. माझी पहिली पेटी थर्माकोलचीच होती. दिव्याच्या बाजूची भिंत आठवड्याभरात आत खचली आणि तिला वाटीएवढा खड्डा पडला. नशिबानं मी घरात होते. थर्माकोल मऊ पडतं, पेटतं आणि पेटल्यावर काळा विषारी धूर सोडतं. दिव्याशेजारी ते कधीही ठेवू नका. पुठ्ठ्याचं खोकंही नको.

प्लायवूडची पेटी चालते आणि उष्णताही चांगली धरते. पण मग दिव्याभोवतीच्या भिंतींना आतून पत्रा मारा. एवढं करायचं तर सरळ पत्र्याचाच डबा घ्यावा, असं मला वाटतं.

तेलाचा डबा तयार कसा करायचा?

आधी धुवा. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोन-तीनदा खळखळून घ्या. कोपऱ्यांत तेल राहिलं तर पेटी तापल्यावर खवट वास येतो आणि त्याचा धूरही होऊ शकतो.

समोरच्या बाजूला दार कापायचं. पत्रा कापायच्या कात्रीनं कापता येतो, पण कड सुरीसारखी धारदार होते. जाड हातमोजे घाला, कड कानशीनं घासा आणि अर्धा सेंटिमीटर आत दुमडून घ्या. हे जमणार नसेल तर पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून दार कापून, बिजागरी लावून घ्या. त्यानं दिलेलं दार आपण घरी केलेल्यापेक्षा नेहमीच नीट बसतं.

तळापासून दोन बोटं वर, दोन्ही बाजूंना मिळून ८-१० भोकं पाडा. तेवढीच वरच्या बाजूला. भोक सहा मिलिमीटरचं पुरे. खालच्या भोकांवर बाहेरून मच्छरदाणीची जाळी आणि तिच्यावर मलमलचा दुहेरी तुकडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं लावा. मलमल दर महिन्याला बदला. ती किती काळी झालेली असते हे पाहिलं की ती धूळ एरवी कुठे बसली असती ते कळतं. वरच्या भोकांतून हवा बाहेर जात असल्यानं तिथून धूळ फारशी येत नाही, पण पेटी बंद असताना वर एक फडकं टाकून ठेवा. चालू असताना ते काढायचं, हे मात्र विसरू नका.

आतली मांडणी?

दिवा मागच्या भिंतीला, तळाजवळ, आडवा. त्याच्यावर चार बोटं सोडून ॲल्युमिनियमची एक थाळी किंवा पत्र्याचा तुकडा आडवा बसवा. मात्र चारही बाजूंनी बोटभर फट ठेवा, म्हणजे हवा कडेनं वर जाईल. हा आडपडदा फार महत्त्वाचा. तो नसेल तर दिव्याची आच थेट खालून लागते. मग वरचा थर्मामीटर ४२ दाखवत असतो आणि दिव्याच्या बरोबर वरची फिगर ६० ला असते.

थाळीच्या वर पापड भाजायची जाळी. तिच्यावर फिगर ठेवायच्या. मी प्रत्येक फिगर रंगवताना बाटलीच्या बुचावर चिकटवते आणि त्या बुचासकट आत ठेवते, म्हणजे बोट कुठे लागत नाही. फिशटँकला लावतात तो तार असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं टोक फिगरच्या डोक्याच्या उंचीवर येईल असं बांधा.

दिवा कोणता? एलईडी चालेल?

एलईडी चालणार नाही, तो पुरेसा तापतच नाही. जुना पिवळा दिवा हवा. हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, पण विचारत गेलात तर सापडतो. एका डब्याला पावसाळ्यात ४० वॅट आणि एप्रिल-मेमध्ये २५ वॅट पुरतो. झिरोचा दिवा पुरत नाही. होल्डर चिनी मातीचा घ्या.

वायरिंग मी स्वतः करू का?

हात बसलेला असेल तरच. डबा धातूचा आहे, त्यामुळे तीन पिनांचा प्लग आणि तीन तारांची वायर हवीच. हिरवी तार डब्याच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट जोडायची. त्या जागेवरचा छापील रंग आधी खरवडून काढा, नाहीतर तार नुसती टेकलेली राहते आणि अर्थिंग मिळत नाही. वायर ज्या भोकातून आत जाते तिथे रबराची चकती बसवा, कारण पत्र्याची कड वायरचं कवच हळूहळू कापते. शंका असेल तर वायरमनला बोलवा. तो अर्ध्या तासात करून देईल. घरात अर्थ लीकेजला बंद पडणारा ब्रेकर असेल तर आणखी उत्तम.

थर्मोस्टॅट लागतोच का?

दिव्याचा वॅट नीट निवडला तर त्याच्याशिवायही भागतं. पण मी लावला आहे आणि तुम्हीही लावा, असं सांगेन. ठाण्यात जानेवारीतली पहाट आणि मेमधली दुपार यांत खूप फरक असतो. दोन्ही वेळी तोच दिवा सारखंच तापमान देईल, असं होत नाही. अंडी उबवायच्या यंत्रांना लावतात तसा २३० व्होल्टवर चालणारा डिजिटल कंट्रोलर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो. तो ४३ वर लावून ठेवते. शिवाय एक केएसडी-३०१ नावाचा छोटा उष्णता-स्विच ५५ अंशांचा, गरम झाल्यावर सर्किट तोडणारा, दिव्याच्या तारेत मालिकेत जोडला आहे. कंट्रोलरनं दगा दिला तर दिवा तोडायला तो असतो. किंमत किरकोळ आहे.

रंगवून झालं की लगेच आत ठेवू का?

नाही. टर्पेंटाईननं पातळ केलेला रंग लावला असेल तर फिगर आधी दोन-तीन तास बाहेर, खिडकीशी, उपड्या घातलेल्या प्लास्टिकच्या डब्याखाली एक कड उचलून ठेवा. टर्पेंटाईनची वाफ ३५ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. पेटीत आपण त्याहून जास्त तापमान ठेवतो आणि वर कंट्रोलरच्या रिलेत, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये, ठिणगी पडते. एका फिगरवरचं टर्पेंटाईन थेंबभर असतं, हे मान्य. पण सहा फिगरना पातळ वॉश मारून एकदम आत ठेवल्या तर ते सहा थेंब एका लहान डब्यात कोंडतात. वास पूर्ण गेल्यावरच फिगर पेटीत ठेवा.

याच कारणानं टर्पेंटाईनची वाटी, ब्रश, पुसायचं फडकं यांतलं काहीही पेटीत किंवा पेटीवर ठेवू नका. फडक्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती स्वतःहून पेटू शकतात. तेल ऑक्सिजन घेताना उष्णता बाहेर पडते, चुरगळलेल्या बोळ्यात ती अडकते आणि वाढत जाते. मी फडकी पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकते आणि ओली असतानाच बाहेर देते.

किती तास लागतात?

रंगावर आहे. अंबर हा मातीचा तपकिरी रंग सगळ्यांत लवकर वाळतो, कारण त्या मातीत मँगनीज असतं आणि ते वाळण्याच्या क्रियेला हातभार लावतं. माझ्या पेटीत अंबरचा पातळ थर ८-१० तासांत हाताला कोरडा लागतो. प्रशियन ब्लूही भराभर वाळतो. अंगाचा रंग मी टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना मिसळून करते. त्याला २४ ते ३० तास लागतात. आयव्हरी ब्लॅक, कॅडमियम रेड आणि ॲलिझरिन मात्र छळतात. त्यांना दोन-दोन दिवसही लागतात. म्हणून काळ्या दाढीमिशांसाठी मी अंबरमध्ये प्रशियन ब्लू मिसळून काळा करते. तो लवकर वाळतो आणि निव्वळ काळ्यापेक्षा केसांसारखाही दिसतो.

वाळल्यावर फिगर चमकते. ती मॅट कशी करायची?

रंग ट्यूबमधून थेट पॅलेटवर घेण्याऐवजी साध्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन-तीन तास ठेवा. पुठ्ठा जास्तीचं तेल शोषून घेतो आणि भोवती तेलाचं वर्तुळ दिसतं. पेटीच्या उबेनंही चमक थोडी कमी होते. उरलेली चमक मॅट वार्निशनं घालवा.

रेझिन, शाडू, प्लास्टर, धातू, सगळं चालतं का?

धातूच्या फिगरना ४५ अंशांनी काही होत नाही. त्या पेटीतल्या सर्वांत निर्धास्त पाहुण्या. मॉडेल किटचं प्लास्टिकही इथे सुरक्षित आहे. रेझिन आणि पीएलएला ४० वर थांबा आणि भाला, झेंड्याची काठी असे बारीक भाग उभे राहतील असे ठेवा.

शाडू आणि प्लास्टर तेल पितात. थेट रंगवलं तर रंगातलं तेल आत मुरतं आणि वर पूड उरते, जी बोटाला लागते. आधी ॲक्रिलिक प्राइमरचे दोन हात द्या, ते पूर्ण सुकू द्या आणि मग तैलरंग. दिवाळीच्या बाजारातले मातीचे मावळे आतून ओलसर असतात, म्हणून प्राइमरच्याही आधी मी ते एक दिवस पेटीत ठेवते. इथे मात्र खरंच पाणी उडवायचं असतं, कुरडयांसारखं.

पांढरा रंग पेटीत पिवळट झाला. का?

जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात ठेवलं की यातला बराच पिवळेपणा उतरतो. पेटीतून काढल्यावर फिगर आठवडाभर उजेडाच्या खिडकीशी ठेवा. पांढऱ्यासाठी करडईच्या तेलातला रंग मिळाला तर तो घ्या. तो थोडा सावकाश वाळतो, पण पांढरा राहतो.

रंगावर सुरकुत्या आल्या.

थर जाड झाला. वरची साय आधी घट्ट होताना फुगली आणि खालचं तेल ओलंच असल्यानं तिला सुरकुत्या पडल्या. फिगरवर रंग ओढून ओढून पातळ लावायचा असतो, आणि पेटीत जाड थराची चूक लवकर उघडी पडते.

हेअर ड्रायर, ओव्हन किंवा ऊन का नको?

हेअर ड्रायर धूळ उडवून ओल्या रंगावर मारतो. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये इतकं कमी तापमान स्थिर राहत नाही, आणि ज्यात अन्न शिजतं त्यात कॅडमियमचे रंग नकोत. उन्हाचं म्हणाल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते असतं कुठे? आणि मेमध्ये काचेमागे ठेवलेल्या रेझिनची अवस्था वर सांगितलेल्या भाल्यासारखीच होते.

वाळला हे ओळखायचं कसं?

चेहऱ्याला हात लावू नका. प्रत्येक रंगाचा एक ठिपका त्याच बुचावर ओढून ठेवा आणि तिथे टूथपिकनं दाबून बघा. खूण उमटली नाही की पुढचा थर द्यायला हरकत नाही. पण हाताला कोरडा लागणं म्हणजे आतपर्यंत पक्का झाला असं नव्हे. वार्निशसाठी मी पेटीबाहेर आणखी दोन-तीन आठवडे थांबते.

रात्रभर चालू ठेवता का? विजेचं काय?

४० वॅटचा दिवा १२ तास चालला तर अर्ध्या युनिटहून कमी वीज जाते. तो प्रश्न नाही. रात्री चालू ठेवते, पण थर्मोस्टॅट आणि उष्णता-स्विच दोन्ही बसवल्यापासूनच. पेटी फरशीवर असते, पडद्यांपासून आणि कागदांपासून हातभर लांब, आणि आम्ही झोपतो त्या खोलीत नाही. घराला कुलूप लावून बाहेर जाताना मात्र ती बंद असते.

किल्ल्यासाठी रंगवायला कधी सुरुवात करावी?

अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं की. तिथपासून नरक चतुर्दशीपर्यंत साधारण दीड महिना मिळतो. पहिल्या आठवड्यात मावळे वाळवून प्राइमर, मग अंगाचे रंग, मग कपडे, शेवटी हत्यारं आणि पगड्या. दर थराला पेटीत एक-दोन दिवस धरले तर नवरात्र संपेपर्यंत २० मावळे होतात आणि वार्निश दसऱ्यानंतर. मुलांना हात लावू द्यायचा असेल तर अंबरनं करायची कामं त्यांना द्या: घोड्यांचे खूर, ढाली, जमीन. संध्याकाळी रंगवलेलं सकाळी शाळेत जायच्या आधी वाळलेलं दिसतं, आणि पेटीचं दार उघडायला त्यांची भांडणं होतात.